मे महिन्याच्या पहिल्या सकाळचं ताक

आमच्या घरी मिस्सेची खेप सात वर्षांनी आली, आणि तिच्या आदल्या दिवशी माझ्या नवऱ्याने माझं सगळं ताक भिंतीला फासलं.

नीट सांगते. आमच्या वाडीत चौदा घरं. वसंतात एकदा आणि सुगी झाली की एकदा, फादर चर्च सोडून एकेका घरी मिस्सेची प्रार्थना करायला येतात. स्वयंपाकघरातल्या टेबलाचीच वेदी होते, आणि सगळी वाडी त्या घरच्या फरशीवर गुडघे टेकते. ज्याच्या घरी मिस्सा त्याच्या घरी न्याहारी. कम्युनियनचा पवित्र घास घ्यायचा म्हणून मध्यरात्रीपासून कोणाच्या पोटात पाण्याचा थेंब नसतो, त्यामुळे न्याहारीला बसलेला माणूस खरं बोलायच्या तयारीत असतो. चहा पातळ होता, अंडी कडक झाली, बाईने कपाटामागचं जळमट काढलं नाही, हे सगळं पुढची सात वर्षं बोललं जातं. आणि सगळ्यात आधी बोललं जातं ते ब्रेडबद्दल.

माझ्या ब्रेडबद्दल आजपर्यंत कोणाला बोलायला जागा मिळाली नव्हती. जाड कणीक, दोन ओंजळी ओट्स, खायचा सोडा, मीठ आणि घट्ट आंबट ताक. बस्स. तो फुगायची वाट बघत आम्ही दिवसभर बसत नाही. सोडा आणि ताक भेटले की बाईने हात उचलायचा, गोळा करायचा, बिडाच्या भांड्यात टाकायचा, झाकणावर निखारे ठेवायचे. जी बाई मधे गप्पा मारत बसली तिच्या ब्रेडची वीट होते.

"आई, आज दुपारीच भाजून ठेवू या ना," असं माझी सून उना आदल्या दिवशी म्हणाली होती. "उद्या सकाळी गडबड होईल."

"शिळा ब्रेड? फादरच्या ताटात?" मी म्हटलं. "तुझ्या माहेरी चालत असेल."

ती गप्प बसली. गुणी पोर आहे, पण गप्प बसताना भुवया वर नेते. मी बघत नाही असं तिला वाटतं.

तेव्हा माझा नवरा थेडी बाहेर भिंतीला चुना देत होता. मीच खिडकीतून ओरडून सांगितलं, "चुन्यात जरा दूध घाल रे, नाहीतर सगळ्या वाडीचे काळे कोट पांढरे होतील." दूध घातलं की चुना अंगाला लागत नाही, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. वासरासाठी बादलीत साय काढलेलं दूध होतं, ते मी म्हणत होते. ती बादली त्याच्या नाकासमोर होती.

मिस्सेच्या दिवशी पहाटे साडेपाचला मी दुधाच्या खोलीत गेले आणि मातीची बरणी उचलली. हलकी लागली. आत बघितलं तर तळाला एक माशी.

"थेडी!"

तो आतल्या खोलीत गळ्याचं बटण लावायची धडपड करत होता.

"बरणीतलं ताक कुठे गेलं?"

"कोणती बरणी?"

"या घरात बरण्या किती आहेत?"

त्याने जरा विचार केला. "अगं, तूच म्हणालीस ना दूध घाल."

"दूध म्हणाले. ताक म्हणाले का?"

"तेही दूधच की. म्हातारं झालेलं."

"तुझ्यासारखं! फरक एवढाच की त्याचा उपयोग होता!"

उना दारात येऊन उभी राहिली होती. तिने माझ्याकडे बघितलं, बरणीकडे बघितलं, मग खिडकीबाहेर. "भिंत मात्र फार सुंदर दिसतेय, आई," ती म्हणाली.

मी खाली बसले. आठ वाजता फादर क्विर्क येणार होते आणि त्यांच्यामागून चाळीस माणसं. गाईचं दूध होतं, पण ताज्या दुधाला आंबायला तीन दिवस लागतात. उना म्हणाली दुधात व्हिनेगर घालू. मी म्हटलं, फादरना लोणचं खायला घालायचंय का? थेडी म्हणाला मी सायकल घेऊन गावात जातो, दुकानचा पांढरा पाव आणतो. दुकान नऊला उघडतं. आणि नऊला न उघडता पाचला उघडत असतं, तरी माझ्या घरच्या मिस्सेला दुकानचा पाव मी जिवंत असताना आला नसता.

वाडीत बाकीच्या सगळ्यांचं दूध आता डेअरीला जातं. घरी घुसळणाऱ्या दोनच बायका उरल्यात. एक मी. दुसरी डीलिया मॉरोनी, बांधापलीकडची. आदल्या दिवशी तिच्या घुसळणीची धपधप मी कपडे वाळत घालताना ऐकली होती. म्हणजे तिच्याकडे ताक होतं. आणि डीलियाशी मी नऊ वर्षं बोलले नव्हते.

त्यातून तो दिवस पहिल्या मे'चा.

पहिल्या मे'ला आमच्याकडे घरातून दूध, लोणी, मीठ, विस्तव बाहेर देत नाहीत. दिलं तर वर्षभराची लोण्याची बरकत त्याच्यामागून चालत जाते. आणि जी बाई त्या सकाळी भांडं घेऊन दुसरीच्या दारात उभी राहते, ती कशाला आली हे कोणाला विचारावं लागत नाही. ती बरकत न्यायला आली. आदल्या रविवारी फादर क्विर्कनी यावरून वेदीवरून आम्हाला चांगलं झोडपलं होतं. म्हणाले, हे सगळं अडाणीपणाचं आहे, शेजारणीला दूध नाकारणारी ख्रिस्ती कसली? आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि घरी येऊन सगळ्यांनी दुधाच्या खोल्यांना कड्या घातल्या.

आता नऊ वर्षांपूर्वीचं. त्या वर्षी पहिल्या मे'ला पहाटे मी गाय सोडायला गेले, तर डीलिया माझ्या शेतात. अनवाणी. वाकून दोन्ही हातांनी गवतावरचं दव गोळा करत होती. मला बघितलं आणि हरणीसारखी बांधावरून पळाली, पन्नाशीची बाई. दव गोळा करणारी शेजारणीचं लोणी न्यायलाच करते, ते लहान पोरालाही ठाऊक असतं. त्या महिन्यात माझं लोणी धड आलं नाही. पुढच्या रविवारी चर्चच्या फाटकापाशी, सगळी वाडी ऐकत असताना, मी तिला काय म्हणायचं ते म्हणाले. ती एक शब्द बोलली नाही. तेव्हापासून आम्ही बोललो नाही. सात वर्षांपूर्वी आमच्या घरी मिस्सा झाली तेव्हा ती पावसात अंगणात उभी राहिली, उंबरा ओलांडला नाही, आणि न्याहारी न करता गेली.

त्या बाईच्या दारात मला पहिल्या मे'ला भांडं घेऊन जायचं होतं. जायचं नसलं तर चाळीस उपाशी माणसांपुढे पांढऱ्या भिंती ठेवायच्या.

मी शाल घेतली, शालीखाली दुधाचा जग लपवला आणि निघाले. "मी येऊ का, आई?" उना म्हणाली. "तू चूल बघ," मी म्हटलं. "आणि या माणसाला कशालाही हात लावू देऊ नकोस."

डीलियाचं दार खालून बंद, वरून उघडं होतं. ती चुलीपाशी पाठमोरी बसली होती.

"कोण आहे?" तिने वळून न बघता विचारलं.

"मी."

"मी कोण?"

"नऊ वर्षांत आवाज विसरलीस का गं?"

"आवाज नाही विसरले. एवढ्या हळू निघतो हे ठाऊक नव्हतं." मग ती उठून दारापाशी आली, अर्ध्या दारावर कोपरं टेकली. डीलियाची जीभ माझ्याएवढीच आहे, फक्त ती सावकाश चालवते. "शालीखाली काय आहे?"

"जग."

"रिकामा?"

"भरलेला असता तर आले असते का?"

"आज तारीख काय आहे, हॅना?"

"तुला ठाऊक आहे."

"मला तुझ्या तोंडून ऐकायचीय."

"पहिली मे," मी म्हटलं. दात आवळले होते, तरी म्हटलं.

"हं. आणि चर्चच्या फाटकापाशी मला काय म्हणाली होतीस?"

"चेटकीण म्हणाले."

"नाही. लोणीचोर म्हणालीस. चेटकीण म्हणाली असतीस तर चाललं असतं, त्यात जरा तरी मान आहे."

मी सरळ सांगून टाकलं. थेडी, चुना, बरणी, फादर, सगळं. भिंतीचं ऐकल्यावर तिच्या तोंडाचा कोपरा हलला, पण तिने तो आवरला.

"बरणीभर ताक आहे माझ्याकडे," ती म्हणाली. "घट्ट, आंबट. पण आज त्यातला थेंबही या उंबऱ्याबाहेर जाणार नाही. तुझ्याकडूनच शिकले मी."

बरोबर होतं तिचं. मी तिच्या जागी असते तर दार आपटलंही असतं. मी वळले.

"कुठे चाललीस?"

"घरी. पाव आणायला थेडीला पाठवते."

"ताक बाहेर जाणार नाही म्हणाले," ती म्हणाली. "पीठ आत येऊ नये असं कोण म्हणालं?"

मी साठीची बाई. पण त्या सकाळी बांधावरून जशी धावले तशी लग्नाआधी नाचायला जातानासुद्धा धावले नसेन. कणकेची पिशवी घेतली, ओट्सची पिशवी घेतली. थेडी विचारत होता काय झालं, उना विचारत होती किती वाजता येणार, मी कोणाला काही सांगितलं नाही.

डीलियाने तोवर दोन बिडाची भांडी चुलीवर टांगून तापत ठेवली होती आणि जळणाची चांगली लाल झालेली ढेकळं एका बाजूला ओढून ठेवली होती. मी परातीत पीठ ओतलं. ओट्स घ्यायला हात घातला, तर तिने माझ्या हातावर चापट मारली.

"कच्चे घालतेस?"

"मग कसे घालू? शिजवून?"

"कोरडे भाजून घ्यायचे आधी. तव्यावर. वास सुटेपर्यंत."

"माझी आई कच्चेच घालायची."

"म्हणूनच तुझे वडील कायम माझ्या आईकडे ब्रेड खायला यायचे."

"माझे वडील तुमच्या घरी पत्ते खेळायला यायचे!"

"पत्ते येत नव्हते त्यांना, हॅना."

पत्ते त्यांना खरंच येत नव्हते. तिने ओट्स तव्यावर टाकले आणि लाकडी चमच्याने हलवायला लागली. वास सुटला. मध्यरात्रीपासून उपाशी असलेल्या माणसाला तो वास म्हणजे शिक्षाच आहे. माझ्या तोंडाला पाणी सुटलं आणि मी ते गिळलं, मग लगेच वाटलं की गिळलेलं चालतं की नाही. चिमूटभरही चाखायची सोय नव्हती. आम्ही दोघी त्या तव्याभोवती घिरट्या घालत होतो.

"नऊ वर्षं," मी म्हटलं. सहज म्हणायचं होतं, सहज निघालं नाही. "माझ्या शेतात काय करत होतीस गं त्या दिवशी?"

तिचा चमचा थांबला. "सोडा घाल."

"घालते. तू सांग."

"तोंड धूत होते."

"काय?"

"तोंड, तोंड!" ती तव्यावर खेकसली. "पहिल्या मे'च्या दवाने तोंड धुतलं की डाग जातात, कांती उजळते. लहानपणी आपण दोघी जायचो की नाही? तुझं शेत उताराचं, तिथे दव जास्त पडतं. म्हणून तुझ्या शेतात आले."

"पन्नासाव्या वर्षी?"

तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, आणि चुलीची धग त्या बाजूला नव्हती. मग मला आठवलं. त्या वसंतात चर्चची मागची भिंत पडली होती आणि ती बांधायला एक गवंडी आला होता. फ्लरी नाव. रुंद खांद्यांचा, बायको वारलेला, दीड महिना वाडीत राहिला होता. कामावर शीळ घालायचा.

"फ्लरी?" मी म्हटलं.

"सोडा घाल, हॅना."

"फ्लरी गवंडी! अगं, त्याचे पाय केवढे होते!"

"मी पाय बघत नव्हते."

मला हसू फुटलं. आधी मी ते आवरलं. पण मग तीही हसायला लागली, आणि तिचं हसणं अजून तसंच होतं, कोंबडा आरवायला लागून मधेच थांबावा तसं. आम्ही दोघी परातीच्या दोन बाजूंना, हात पिठात, डोळ्यांतून पाणी.

"मग त्या दिवशी फाटकापाशी सांगितलं का नाहीस?" मी डोळे मनगटाने पुसत विचारलं.

"तो तिथेच उभा होता ना! फाटकाला टेकून! काय सांगू, याच्यासाठी तोंड धूत होते म्हणून? लोणीचोर बरी त्यापेक्षा."

हे मला नऊ वर्षं ठाऊक नव्हतं. मला एवढंच वाटायचं की तिला उत्तर नव्हतं, म्हणून ती गप्प बसली. मी पुढे काहीतरी बोलणार होते, बरं काहीतरी, पण सोडा ताकाला लागला होता आणि परातीत फसफसायला लागलं होतं.

"पळ!" ती म्हणाली.

मग आम्ही बोललो नाही. मळायचं नाही, फक्त गोळा करायचं, हलक्या हाताने. ती एक गोळा करत होती, मी दुसरा. मी वरून खोल क्रॉस कापला, तिने सुरीच्या टोकाने चारही कोपऱ्यांत टोचलं. क्रॉस देवासाठी, टोचणं त्या भल्या मंडळींसाठी, म्हणजे पऱ्यांसाठी, ती आत अडकून बसू नयेत म्हणून. फादरना यातलं पहिलं तेवढं ठाऊक आहे. भांडी बंद केली, झाकणांवर निखारे रचले. दोन झाले की नवं पीठ भिजवून दोन आणखी. खालून टकटक करून बघितलं, पोकळ आवाज आला. चार ब्रेड, वरून भेगाळलेले, तपकिरी, ओट्स कडेने सोनेरी झालेले. खरं सांगते, माझे असे कधी दिसले नव्हते. तिला सांगितलं नाही.

निघताना अडचण आली.

"तयार ब्रेड बाहेर जातो का?" मी म्हटलं. "ताक आहे त्यात."

डीलियाने विचार केला. "मी नेते. माझं मीच नेलं तर दिलं कुठे?"

"आणि माझ्या घरी पोचल्यावर?"

"तिथे ते तुझं पीठ आहे."

फादर क्विर्कनी तिला वकील करायला हवं होतं. तिने पांढऱ्या फडक्यात गुंडाळून टोपली डोक्याएवढी उंच धरली आणि बांध चढून माझ्या आधी माझ्या अंगणात पोचली. थेडी दारात नवा कोट घालून उभा होता. डीलियाला बघून त्याने टोपी काढली, मग टोपी घातली, मग परत काढली.

"या डीलियामावशी," उना म्हणाली. बघा, ही पोर या घरात आली तीन वर्षांपूर्वी, आम्हा दोघींना एकमेकींशी बोलताना तिने कधी ऐकलेलं नाही, पण क्षणभरही अडखळली नाही. टोपली घेतली, खुर्ची पुढे केली. मी तिच्या भुवयांबद्दल जे लिहिलं ते लिहिलं, पण हेही लिहिते.

मिस्सा झाली. मी देवाकडे कमी आणि फडक्याखालच्या टोपलीकडे जास्त बघितलं, ते त्याने माफ करावं.

न्याहारीला फादर आतल्या खोलीत, चांगल्या कपाबशांपुढे. वाडी स्वयंपाकघरात, मधलं दार उघडं. सगळ्यांच्या हातात चहा आला, पण फादरनी पहिला घास घेईपर्यंत कोणी खात नाही. आणि फादर क्विर्कची खोड अशी की ते पहिला घास लोणी न लावता कोरडा खातात. पंचवीस वर्षं. लोण्याखाली काय लपवलंय ते बघायला, असं म्हणतात.

त्यांनी तुकडा मोडला. वास घेतला. चावला. डोळे मिटले. पुन्हा चावला.

"हॅना," ते म्हणाले.

"हो, फादर."

"यात मीठ नाही."

स्वयंपाकघरात चाळीस कप बशांवर टेकले. एकाच वेळी.

घरी मी आधी पिठात मीठ टाकते, मग बाकीचं. त्या दिवशी मी पिशवी घेऊन धावले होते. मला वाटलं डीलिया घालेल, तिची चूल, तिचं मीठ. तिला वाटलं असेल मी पिठात घालून आणलंय. आणि चाखून बघायची सोय नव्हती. हे सगळं माझ्या डोक्यातून एका श्वासात गेलं. पुढच्या श्वासात दुसरंही गेलं, तेही लिहिते: ही चूक माझ्या घरात झालेलीच नाही, असं मला म्हणता आलं असतं. तेवढं वाक्य तोंडाशी आलं होतं.

"मी विसरले, फादर," डीलिया मागून म्हणाली.

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. ती चुलीपाशी केटली धरून उभी होती.

"तू?" फादर म्हणाले. "हॅनाच्या ब्रेडमध्ये?"

"माझ्या चुलीवर भाजलाय."

"खोटं बोलतेय ती," मी म्हटलं. "पीठ माझं, मीठ मी घालायचं होतं. माझी चूक."

"हॅना, तुझी चूक असती तर मी आनंदाने सांगितलं असतं."

"फादर, हिचं ऐकू नका, ही लहानपणापासून हट्टी आहे!"

"बायांनो!" फादर म्हणाले. त्यांनी घास खाली ठेवला आणि माझ्याकडे असं बघितलं जसं पापं ऐकताना कन्फेशनच्या जाळीतून बघतात. "डीलियाच्या चुलीवर. मग ताकही डीलियाचं?"

"हो, फादर."

"म्हणजे हॅना, आज सकाळी, पहिल्या मे'च्या सकाळी, तू शेजारणीच्या दारात दूध मागायला गेलीस?"

स्वयंपाकघरात कोणीतरी श्वास आत ओढला. थेडी टोपीशी खेळायला लागला. मला कळत होतं की मी हो म्हटलं की हे सात वर्षं काय, माझ्या अंत्ययात्रेतही बोललं जाईल.

"गेले," मी म्हटलं. मोठ्याने, म्हणजे मागच्यांनाही ऐकू जावं. "जग घेऊन गेले. आणि डीलियाने मला आत घेतलं. नऊ वर्षांपूर्वी फाटकापाशी मी तिच्याबद्दल जे बोलले ते खोटं होतं. तिने माझं लोणी नेलं नाही. लोणी उन्हामुळे आलं नव्हतं."

मग मागच्या बाकावरून एका नतद्रष्ट म्हाताऱ्याने विचारलं, "मग दवात काय करत होती ती?"

डीलियाने केटली दोन्ही हातांनी धरली. चेहरा नुसता दगड. ती माझ्याकडे बघत नव्हती, केटलीच्या तोटीकडे बघत होती. वाडी मात्र माझ्याकडे बघत होती. आणि मला या वाडीत सगळे ओळखतात, माझ्या तोंडात आलेली गोष्ट माघारी गेलेली कोणी बघितलेली नाही.

"कोंबडी शोधत होती," मी म्हटलं. "तिची कोंबडी माझ्या शेतात घुसली होती. मी तेव्हाच बघितली होती, तांबडी. रागाच्या भरात मुद्दाम बोलले नाही."

कम्युनियन घेऊन अर्धा तासही झाला नव्हता. फादर क्विर्कसमोर, त्यांच्या डोळ्यांत बघून, धडधडीत खोटं.

फादरनी माझ्याकडे बघितलं, डीलियाकडे बघितलं. मग लोण्याची ताटली पुढे ओढली. "लोणी खारट आहे ना?"

"आहे, फादर," उना पटकन म्हणाली.

"मग जाड लावा, सगळ्यांनी," ते म्हणाले आणि स्वतः बोटभर लावलं. दुसरा घास घेतला. "ओट्स भाजलेत का यात? हे फार छान लागतंय."

"माझी कल्पना," डीलिया म्हणाली.

चाळीस उपाशी माणसं एकदम हलली. पावणेनऊपर्यंत चारातला एक कडेचा तुकडा उरला होता, तोही थेडीने खिशात टाकताना मी बघितला. तीन बायकांनी मला वेगवेगळं कोपऱ्यात घेऊन विचारलं की ओट्स किती वेळ भाजायचे. मी सांगितलं, वास सुटेपर्यंत. जणू जन्मभर मी तेच करत आलेय.

सगळे गेल्यावर डीलिया बाह्या वर करून माझ्या मोरीपाशी उभी राहिली, न सांगता. मी फडकं घेतलं. तिने पाच-सहा कपबशा विसळून माझ्याकडे सरकवल्या.

"कोंबडी?" ती शेवटी म्हणाली.

"मग काय सांगायला हवं होतं?"

"हॅना, मी आयुष्यात कोंबड्या पाळल्या नाहीत. बदकं पाळते. हे वाडीतल्या कुत्र्यालाही ठाऊक आहे!"

"घाईत बदक सुचलं नाही."

"आणि वर तांबडी म्हणे!"

"रंग सांगितला की लोकांना पटतं."

"कोणाला पटलं? थेडीलासुद्धा पटलं नाही. फादर हसू दाबत होते, बघितलंस का?"

"मग पुढच्या वेळी स्वतःचं खोटं स्वतः बोल!" मी म्हटलं आणि तिच्या हातातली बशी ओढून घेतली, कारण ती नीट धूत नव्हती. ती म्हणाली नीट धुतली होती. मी म्हटलं कडेला लोणी आहे. ती म्हणाली ते माझ्या फडक्याचं आहे. उना पलीकडे टेबल पुसत होती, भुवया छताला लागल्या होत्या, आणि आम्ही दोघी दुपारी एकपर्यंत गप्प बसलो असू तर तेवढं चहा गिळतानाच.